त्सुबामेचं मोरपंखी स्टील

पुण्याहून निघताना माझ्या खिशात कागदाची एक पुडी होती. आमच्या सोसायटीच्या जिन्याच्या कठड्यावरून गळून पडलेले सोनेरी पोपडे मी तिच्यात जपून ठेवले होते. कठडा स्टेनलेस स्टीलचा. त्याला सोनेरी रंग द्यायचा असं सभेत ठरलं, कंत्राटदाराने ‘कायमचा रंग’ म्हणून पैसे घेतले आणि दुसऱ्याच पावसाळ्यात साप कात टाकतो तसे पापुद्रे सुटू लागले. पापुद्र्याखालचं स्टील मात्र कालच दुकानातून आणल्यासारखं लखलखत होतं.

माझी छत्तीस वर्षं भोसरीच्या मशीनशॉपमध्ये गेली. स्टील कापलं, वाकवलं, जोडलं, बफिंग करून आरशासारखं केलं. पण त्याला रंग देण्याची वेळ कधी आली नाही. म्हणून ते पोपडे मनात सलत राहिले. ज्या धातूवर डाग टिकत नाही, त्यावर रंग टिकवायचा कसा?

माझा भाचा टोकियोत निशी-कासाईला राहतो. या भागात भारतीय कुटुंबं इतकी आहेत, की कोथिंबीर आणि कढीपत्त्यासाठी फार पायपीट करावी लागत नाही. फोनवर माझी ही तक्रार ऐकून तो म्हणाला, “मामा, तू ऑक्टोबरात ये. तुला एका गावाला नेतो. तिथे स्टीलचे पेले मोराच्या पिसासारखे निळे-हिरवे असतात, आणि नखाने खरवडलं तरी रंग निघत नाही.” मी तिकीट काढलं.

टोकियो स्टेशनवरून जोएत्सु शिन्कान्सेनची ‘तोकी’ गाडी पकडली, की साधारण दोन तासांत त्सुबामे-सान्जो येतं. पहिला तास सपाट मैदानाचा, घरांना घरं लागलेली. मग डोंगर जवळ येतात आणि गाडी दाई-शिमिझु बोगद्यात शिरते. हा बोगदा 22 किलोमीटरहून लांब आहे. डोंगररांगेच्या अलीकडे प्रशांत महासागराची बाजू, पलीकडे जपानच्या समुद्राची. बाहेर पडलो तेव्हा आभाळ बदललं होतं. हा निइगाता प्रांत, बर्फाचा आणि तांदळाचा. बर्फ पडायला अजून अवकाश होता, भात कापून झालं होतं आणि खाचरांत नुसते खुंट उभे होते. क्षणभर मावळात उतरल्यासारखं वाटलं.

त्सुबामे म्हणजे भिंगरी पक्षी. शेजारचं सान्जो हे सुऱ्या-कात्र्या आणि हत्यारांचं गाव, तर त्सुबामे भांड्यांचं आणि चमच्यांचं. दोन्ही गावांचा मान राखण्यासाठी 1982 साली सुरू झालेल्या रेल्वे स्टेशनला त्सुबामे-सान्जो असं नाव दिलं आणि द्रुतगती मार्गाच्या फाट्याला सान्जो-त्सुबामे. भाच्याने हे सांगितलं तेव्हा आपल्याकडच्या जोडगावांची आठवण झाली.

या गावांच्या हातात धातू कसा आला, त्याची गोष्ट पुरापासून सुरू होते. शिनानो ही जपानमधली सर्वांत लांब नदी, 367 किलोमीटरची. ती इथल्या सखल शेतांत वारंवार शिरायची आणि उभं पीक घेऊन जायची. सतराव्या शतकात शेतकऱ्यांना जोडधंदा म्हणून लोखंडी खिळे घडवायला शिकवलं गेलं. पुढे जवळच्या याहिको डोंगरातलं तांबं मिळू लागलं आणि तांब्याची भांडी घडू लागली. कानशी आल्या, तंबाखू ओढायच्या बारीक चिलमी आल्या. मग काळ उलटला. परदेशी तारेचे खिळे आले, चिलमीची जागा सिगारेटने घेतली आणि एकामागून एक धंदे बसले. त्याच वेळी 1911 च्या सुमारास टोकियोहून पाश्चात्त्य पद्धतीच्या काटे-चमच्यांची मागणी आली. चिलमी घडवणाऱ्या हातांनी काटे घडवले. पहिल्या महायुद्धात युरोपातले कारखाने लढाईत गुंतले आणि मागणी वाढत गेली. आज जपानमध्ये तयार होणाऱ्या धातूच्या काटे-चमच्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक एकट्या त्सुबामेत बनतात. 1991 पासून नोबेल पारितोषिकाच्या मेजवानीत जे काटे-चमचे मांडले जातात, तेही इथल्याच एका कारखान्यात घडले.

आम्ही गेलो ते दिवस ‘कोबा नो साइतेन’चे, म्हणजे कारखान्यांच्या उत्सवाचे होते. 2013 पासून दर ऑक्टोबरात इथले कारखाने काही दिवस आपली दारं सगळ्यांसाठी उघडतात. दारांवर, खोक्यांवर, कामगारांच्या अंगावर गुलाबी पट्टे दिसतात. ती भट्टीतल्या ज्वाळेची खूण. कुणीही यावं, घणाचे घाव बघावेत, प्रश्न विचारावेत.

पहिला मुक्काम त्सुबामेच्या औद्योगिक वस्तुसंग्रहालयात. जुने खिळे, कानशी, चिलमी आणि जगभरातून जमवलेले हजारो चमचे तिथे आहेत. पण मला खिळवून ठेवलं ते एका साध्या टेबलाने. तिथे टायटॅनियमच्या चमच्याला आपल्या हाताने रंग देता येतो. शाळेतल्या पोरांच्या रांगेत मीही बसलो. चमचा तारेला अडकवायचा, पाण्यासारख्या दिसणाऱ्या द्रावात बुडवायचा आणि वीज सोडायची. दहा-पंधरा व्होल्टला चमच्यावर फिकट सोनेरी झाक आली. वीज वाढवली तसा तो जांभळा झाला, पंचविसाच्या पुढे गर्द निळा. आणखी वाढवल्यावर निळा फिकटला, पिवळा झाला, मग गुलाबी आणि शेवटी शंभराच्या आसपास हिरवा. द्रावात रंगाचा थेंब नव्हता. शेजारच्या मुलीने आपला चमचा थोडाथोडा वर ओढत इंद्रधनुष्याचे पट्टे उमटवले.

हा रंग येतो कुठून? पावसाळ्यात डांबरी रस्त्यावर डिझेलचा थेंब सांडला, की त्यावर रंग फिरताना आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. डिझेलला ते रंग नसतात. पाण्यावर तेलाचा अतिशय पातळ थर पसरतो. थोडा प्रकाश त्या थराच्या वरच्या अंगावरून परततो, थोडा आत जाऊन खालच्या अंगावरून. हे दोन प्रकाश पुन्हा एकत्र येतात तेव्हा काही रंग एकमेकांना मारतात, काही एकमेकांना बळ देतात. कुठला रंग उरणार हे थराची जाडी ठरवते. मोराच्या पिसातही निळं रंगद्रव्य नसतं. पिसाच्या सूक्ष्म रचनेवरून परतणारा प्रकाश आपल्याला निळा दिसतो. टायटॅनियमच्या चमच्यावर वीज ऑक्साइडचा पारदर्शक थर वाढवते आणि जाडी बदलेल तसा रंग बदलतो.

स्टेनलेस स्टीलवरही असा थर जन्मतः असतो. 1913 साली इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरात हॅरी ब्रिअर्लीने क्रोमियम मिसळून न गंजणारं पोलाद बनवलं. त्याचं सारं रहस्य या थरात आहे. पोलादात क्रोमियम साडेदहा टक्क्यांच्या वर गेलं, की हवेतला प्राणवायू घेऊन ते पृष्ठभागावर ऑक्साइडची कातडी धरतं. ओरखडा पडला तरी कातडी आपोआप भरून येते. आपल्या घरातली चांगली भांडी ज्या 304 जातीच्या स्टीलची असतात, त्यात साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं. पण ही कातडी अवघी दोन-तीन नॅनोमीटर जाड असते, रंग दाखवायला फारच पातळ. त्सुबामेचे कारागीर तीच कातडी वाढवतात. ते कसं, हे बघायला दुपारी एका कारखान्यात जायचं होतं.

त्याआधी वाटेत ग्योकुसेन्दो या तांब्याच्या कार्यशाळेत थांबलो. ती 1816 पासून चालू आहे. सपाट पत्रा ठोकून ठोकून त्याची चोचीसकट किटली उभी करण्याची कला इथे सात पिढ्या सांभाळली आहे. जुन्या लाकडी घरात कारागीर जमिनीवर बैठक मांडून बसले होते आणि सगळी खोली हातोड्यांच्या ठोक्यांनी भरली होती. पुण्यातल्या तांबट आळीत लहानपणी हाच आवाज ऐकत मी शाळेत जायचो. इथले रंगही बघण्यासारखे आहेत. तांब्यावर कथील तापवून चढवतात, म्हणजे आपल्या भाषेत कल्हईच. मग भांडं गंधकयुक्त द्रावात बुडवतात आणि घासून काढतात. त्यातून जांभळट काळसर अशी एक खोल झळाळी येते. आपल्याकडे कल्हई अन्न कळकू नये म्हणून भांड्याच्या आतून असते. इथे ती बाहेरून येते आणि रंगाचा पाया होते. मी भाच्याला ‘कल्हई’ शब्दाचा अर्थ समजावून सांगायला लावला. कारागिराने तो दोनदा म्हणून पाहिला आणि मान डोलावली.

दुपारी जेवायला इथली प्रसिद्ध रामेन. वाडग्यातून येणारा वास मला मानवला नाही, मी भात आणि लोणच्यावर भागवलं. पण रामेनची गोष्ट ऐकण्यासारखी होती. कारखान्यांत रात्रपाळी चालायची, तेव्हा दुकानांतून वाडगे पोचवेपर्यंत रस्सा थंड व्हायचा. म्हणून वर चरबीचा थर सोडू लागले आणि भिजून लगदा होऊ नयेत म्हणून शेवया जाड केल्या. अंगावरच्या पातळ थराने आतली चीज राखायची, ही युक्ती या गावात स्वयंपाकापर्यंत पोचली होती.

रंगाचा कारखाना छोटा होता, सात-आठ माणसांचा. मालक साठीचे. माझ्याच वयाचे, आणि हातांवर माझ्यासारखेच जुन्या कामाचे व्रण. टाक्यांच्या खोलीत फोटोला मनाई. त्यांनी आम्हाला चष्मे दिले आणि आधी एक पट्टी आणि गॅसची बत्ती हातात घेतली.

304 स्टीलच्या पट्टीचं एक टोक त्यांनी ज्योतीत धरलं. हळूहळू रंग सरकू लागले. टोकापासून दूर, जिथे उष्णता तीनशे अंशांच्या जवळ होती, तिथे फिकट पिवळा. त्याच्या अलीकडे चारशेच्या सुमारास तपकिरी, साडेचारशेला गडद जांभळा आणि टोकाकडे, साडेपाचशे-सहाशेला, निळा. भोसरीत वेल्डिंगच्या शिवणीशेजारी हेच पट्टे मी हजारदा पाहिले आहेत. घरी पातेलं कोरडं तापलं, की बुडाला निळे-सोनेरी डाग पडतात, तेही हेच. लिंबू किंवा व्हिनेगर चोळलं की ते बहुधा जातात. उष्णतेने ऑक्साइडची कातडी जाड झाली, म्हणून रंग दिसला.

मालक म्हणाले, “ही सर्वांत जुनी आणि सर्वांत सोपी रीत. दागिने, शोभेच्या वस्तू यांना चालते. पण बाहेर पावसात राहणाऱ्या वस्तूला देऊ नका.” कारण मला ठाऊक होतं. तापवताना कातडी वाढवायला लागणारं क्रोमियम लगतच्या पोलादातून ओढलं जातं. कातडीखालचं पोलाद क्रोमियमला मुकतं आणि तिथेच गंज धरतो. म्हणून तर वेल्डिंगनंतर पिकलिंग पेस्ट लावून ते रंग काढून टाकायचे, हा आमच्या शॉपमधला नियम होता.

मग टाक्या. ही रीत 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला आंतरराष्ट्रीय निकेल कंपनीच्या बर्मिंगहॅममधल्या प्रयोगशाळेतून आली आणि त्या कंपनीच्या नावावरून तिला इन्को पद्धत म्हणतात. टाकीत क्रोमिक आणि सल्फ्युरिक आम्लांचं दाट, काळसर तांबडं मिश्रण असतं. तापमान सत्तर-ऐंशी अंश. आरशासारखे पॉलिश केलेले पेले आधी अगदी निर्मळ धुतात. बोटाचा ठसा राहिला, तर त्या ठशाचा रंग वेगळा येतो. मग पेल्यांची फळी द्रावात उतरते.

आणि इथून पुढे कारागिराला काही दिसत नाही. द्राव इतका गडद, की आत रंग कुठवर आला हे डोळ्याने कळणं शक्य नाही. म्हणून काही ठिकाणी स्टील आणि प्लॅटिनमची पट्टी यांच्यातला विजेचा सूक्ष्म फरक मोजत राहतात. फरक ठरलेल्या आकड्याला पोचला, की माल वर. इथे आकडा होताच, पण मालकांची नजर घड्याळावर आणि तापमापकावरही होती. एका अंशाने तापमान हललं तरी रंग हलतो. पेल्याच्या स्टीलची जात बदलली, पॉलिश बदललं, तरी रंग हलतो. चार मिनिटं गेली, आठ गेली. कुणी बोलत नव्हतं.

फळी वर आली, पाण्याच्या फवाऱ्याखाली गेली आणि तांबड्या ओघळांखालून निळे पेले बाहेर आले. मोरपंखी निळे. बारा पेले, बाराही एकसारखे. माझ्या तोंडून “वा!” निघून गेलं. त्याला भाषांतर लागलं नाही.

रंगांचा क्रम ठरलेला असतो. कातडी 0.02 मायक्रॉनच्या आसपास असते तेव्हा कांस्यासारखा तपकिरी, मग निळा, मग सोनेरी, मग लाल-जांभळा आणि 0.36 मायक्रॉनपर्यंत पोचली की हिरवा. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन धरला, तर या रंगांची सगळ्यात जाड कातडीही केसाच्या दोनशेव्या भागाएवढी. हिरवा पाहिजे असेल तर बाकी सगळे रंग ओलांडून जावं लागतं. मागे फिरता येत नाही. एकदा निळा हुकला की हुकला, पेला पुन्हा पॉलिशला.

द्रावातून आलेली कातडी सच्छिद्र आणि मऊ असते, बोटाने चोळली तरी जाईल अशी. म्हणून लगेच दुसऱ्या टाकीत विजेच्या साहाय्याने तिची छिद्रं बुजवतात आणि ती कणखर करतात. भाच्याने सांगितलेला नखाचा प्रयोग मी केला तो या दुसऱ्या टाकीनंतर. रंग जागचा हलला नाही.

शेवटची टाकी मालकांनी आग्रहाने दाखवली, सांडपाण्याची. क्रोमिक आम्लातलं क्रोमियम षट्संयुजी असतं आणि ते कर्करोग करू शकतं. त्याला आधी त्रिसंयुजी रूपात आणायचं, मग चुन्यासारख्या अल्कलीने गाळ करून बाजूला काढायचं, पाणी तपासायचं आणि मगच सोडायचं. युरोपमध्ये तर 2017 पासून क्रोमियम ट्रायऑक्साइड वापरायला खास परवानगी लागते. क्रोमियमविना रंग देण्याचे प्रयत्न ठिकठिकाणी चालू आहेत. “रंग देणं निम्मं काम,” मालक म्हणाले, “पाणी परत स्वच्छ करणं उरलेलं निम्मं.” ते जे बोलले ते मी वहीत जसंच्या तसं लिहून घेतलं.

चहा आला. टेबलावर मालकांनी चार सोनेरी पेले मांडले आणि विचारलं, यातला कुठला कसा झाला ते सांगा. लांबून चारही सारखेच दिसत होते. मी एकेक हातात घेतला.

पहिला फिरवला तसा सोनेरीतून किंचित हिरवट-लालसर झाक जात-येत राहिली. तो टाकीतला, प्रकाशाच्या खेळाचा. दुसरा कसाही धरला तरी एकच सोनेरी, गडद आणि थोडा थंड. हा पीव्हीडीचा. निर्वात पेटीत टायटॅनियमची वाफ करतात, आत नायट्रोजन सोडतात आणि टायटॅनियम नायट्राइडचा पातळ, अतिशय कठीण थर वस्तूवर बसतो. त्यात सोन्याचा कण नसतो, रंग त्या संयुगाचा स्वतःचा. भोसरीत, चाकणला जे सोनेरी ड्रिल आपण वापरतो त्यांच्यावर हाच थर असतो. पोलादात घुसताना जो झिजत नाही, तो भांडी घासताना सहजी झिजायचा नाही. झिर्कोनियम वापरलं तर सोनेरी फिकट होतो, इतर संयुगांनी काळा आणि गुलाबीसर सोनेरीही येतो. हल्लीचे सोनेरी-काळे नळ, कड्या, घड्याळांच्या पेट्या बहुतेक याच वाटेने आलेल्या असतात.

तिसऱ्यावर खऱ्या सोन्याचा मुलामा होता. स्टेनलेसवर सोनं थेट धरत नाही, त्याची ती ऑक्साइडची कातडी आड येते. म्हणून तीव्र आम्ल असलेल्या द्रावात आधी निकेलचा पातळ हात देतात, त्यावर सोनं. दिसायला सर्वांत ऊबदार, पण सोनं मऊ. रोज घासण्याचं भांडं ते नव्हे.

चौथा हातात घेताच कळला. कडेला नख अडलं. त्यावर लेप होता, उरुशी झाडाच्या चिकाचा, भट्टीत भाजून बसवलेला. हे झाड आपल्या बिब्ब्याच्याच कुळातलं. कच्चा चीक अंगाला लागला तर तसाच उततो. धातूवर उरुशी भाजायची रीत जपानमध्ये चिलखतांच्या काळापासून आहे. लेप जाड असला तरी तो पक्का बसला होता, कारण त्याखालचं स्टील आधी खरखरीत करून घेतलं होतं.

आता मी खिशातली पुडी काढली आणि टेबलावर उलटी केली. मालकांनी एक पोपडा उचलला, पालथा केला आणि खिडकीपाशी नेला. आतली बाजू आरशासारखी गुळगुळीत होती. कठड्याच्या पॉलिशचा ठसा त्यावर हुबेहूब उमटला होता. ते एवढंच म्हणाले, “रंग वाईट नाही. त्याला धरायला जागाच दिली नव्हती.”

उत्तर मिळालं. स्टेनलेसवर रंग लावायचाच असेल, तर आधी तेलकटपणा पूर्ण काढायचा, वाळूचा मारा करून किंवा घासून पृष्ठभाग खरखरीत करायचा, त्याला जुळणारा प्रायमर द्यायचा आणि मग रंग, किंवा पावडर कोटिंग असेल तर भट्टीत भाजणी. आमच्या कठड्यावर यातलं काहीच झालं नव्हतं. चकाकत्या पॉलिशवर फवारा मारून माणूस निघून गेला होता.

निघताना मालकांनी एक निळा पेला कागदात गुंडाळून हातात दिला आणि दोन सूचना केल्या. तारेच्या घासणीने घासू नका, मऊ कापड आणि साबण पुरे. आणि चुकून खोल ओरखडा पडलाच, तर तो भरून देता येणार नाही, कारण तिथली कातडीच गेलेली असेल. मी विचारलं, उन्हात रंग उडेल का? त्यांनी मान हलवली. उडायला त्यात रंगद्रव्यच नाही.

परतीच्या गाडीत पेला मांडीवर घेऊन बसलो होतो. बोगदा आला तेव्हा डब्यातल्या पांढऱ्या दिव्यांत तो जांभळट दिसला, मैदानात उन्हात पुन्हा मोरपंखी. छत्तीस वर्षं हाताळलेल्या स्टीलच्या अंगात हे सगळं होतं, आणि मला आता ते दिसत होतं. ‘स्टेनलेस’ या नावाचा अर्थच मुळी डाग न पडणारं. ज्या कातडीमुळे डाग पडत नाही, तीच थोडी जोपासली की हा रंग येतो. कारागिराने बाहेरून काही चढवलं नव्हतं. धातूत जे होतं, तेच वाढवलं होतं. माझ्या हिशेबी स्टीलला रंग देण्याची ही सर्वांत सुंदर रीत. मात्र ती सर्वांत जपायचीही आहे: वस्तूच्या अंगासाठी आणि तिच्या सांडपाण्यासाठीही.

पुण्याला आल्यावर सभेत मी पेला ठेवला आणि पुडीही. आम्ही कठड्यावरचा उरलेला रंग काढून टाकला आणि स्टील स्टीलसारखं ठेवलं. शेकडो हात रोज फिरतात त्या जागी रंग हवाच असेल, तर पीव्हीडीसारखा कठीण थर पाहिजे, आणि तोही पाइप कापून, जोडून झाल्यावर; कारण रंगवलेल्या स्टीलवर वेल्डिंग केलं, की तिथला रंग जळतो. भिंतीवर, छताखाली, जिथे हात पोचत नाही तिथे टाकीतला मोरपंखी रंग वर्षानुवर्षं शोभेल. स्वयंपाकघरात रोज घासायच्या भांड्याला बाहेरून द्या, आतून नको.

वाचकांना एकच विनंती. रंगीत स्टीलची बाटली, नळ, कठडा, काहीही घ्यायला जाल, तेव्हा दुकानदाराला भाव विचारण्याआधी हे विचारा: हा रंग लावलेला आहे, चढवलेला आहे, की उमटवलेला? लावलेला असेल, तर खालचं स्टील खरवडून घेतलं होतं का ते विचारा. चढवलेला असेल, तर कशाचा थर आहे ते विचारा. उमटवलेला असेल, तर वस्तू हातात घेऊन उजेडात फिरवून पाहा. रंग नजरेसोबत हलला पाहिजे. या तीन प्रश्नांची उत्तरं ज्याला देता येत नाहीत, त्याच्याकडून ‘कायमचा रंग’ विकत घेऊ नका.